मी मंडईत संगणक झालो, त्याची हकीकत

आमच्या वऱ्हाडात माणूस पुण्याला शिकायला जातो, शहाणा होऊन परत येतो आणि मग जन्मभर लोकांना ते ऐकवतो. मी पाचच दिवस गेलो होतो, तेव्हा पाच दिवसांपुरतंच ऐकवीन. नवं शतक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पुण्यात म्हणे प्रत्येक घरात एक संगणकवाला होता आणि उरलेल्यांना तसा जावई हवा होता. आमच्या तालुक्याच्या गावात संगणकवाला मी एकटा. एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो, आणि विभागात दुसरं कोणी नसल्यामुळे माझं सगळे ऐकायचे.

केसपेपरचा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलेला. केसपेपरच्या खिडकीवर तायडेबाई बसायच्या. एकोणीस वर्षं त्या तिथंच बसत होत्या. शाईचं पेन आणि लांबलचक रजिस्टर होतं तेव्हा अकराच्या आत रांग संपायची. संगणक आला आणि रांग दुपारी दोनपर्यंत बाहेरच्या कडुलिंबाखाली उभी राहायला लागली. दोष कोणाचा, यावर दवाखान्यात एकमत होतं. ते एकमत घडवण्यात माझा वाटा मोठा होता. बाईंना मी तीनदा शिकवलं होतं आणि तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली होती.

शेवटी ट्रस्टच्या डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. "लेखी मत द्या. बाईंना जमणार नसेल तर त्यांना चादरींच्या खोलीत पाठवू, खिडकीवर कोर्स केलेलं कोणीतरी बसवू." चादरींची खोली म्हणजे मागच्या अंगणातली, जिथं दिवसभर माणूस दिसत नाही. बाईंना तालुक्यातली निम्मी माणसं नावानिशी ठाऊक. मी मत लिहिलं: 'सौ. तायडे यांची संगणक शिकण्याची क्षमता नाही.' सही मात्र केली नाही. त्याच आठवड्यात पुण्याचं प्रशिक्षण ठरलं होतं, 'मानव-संगणक आंतरक्रिया : प्राथमिक परिचय.' पुण्याचं प्रमाणपत्र जोडलं की मताला वजन येईल, असा माझा हिशोब होता. कागद घडी करून बॅगेत ठेवला आणि निघालो. रेल्वेतली रात्र सांगत नाही, ती सगळ्यांची सारखीच असते.

विश्रांतवाडी

मावसभाऊ सुहास विश्रांतवाडीला राहत होता. स्टेशनबाहेर एका सद्गृहस्थांना विचारलं, "अहो, विश्रांतवाडीची बस कुठे मिळेल?"

"थांब्यावर."

"थांबा कुठे आहे?"

"बस थांबते तिथे." आणि ते चालू लागले. चार पावलं जाऊन वळले आणि म्हणाले, "समोर बोर्ड आहे. वाचता येत असेल तर वाचा." बोर्ड होता, त्यावर विश्रांतवाडी नव्हती. बस होती, तिच्यावर पाटी नव्हती. तिसऱ्या चुकीच्या बसमधून उतरून मी रिक्षा केली.

सुहास मूळचा आमच्याच गावचा. आता कंपनीत, गळ्यात पट्टी आणि पट्टीला स्वतःचा फोटो. तर्रीची भाजी हाणणारा हा माणूस सहा वर्षांत इतका बाटला होता, की जेवताना मला म्हणाला, "मंजिरीची आमटी बघ, तिखट लागतेय का?" आमटीत गूळ होता. मी म्हटलं, तिखट नाही लागत. मंजिरीवहिनींनी समाधानानं अजून वाढली. टीव्हीचा रिमोट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलं होतं. पिशवीतून बटणावरचं काहीच दिसत नव्हतं. सुहास दिवसभर परदेशी लोकांसाठी संगणकाच्या पडद्यावरची बटणं बनवायचा आणि संध्याकाळी आवाज वाढवायला जाऊन टीव्ही बंद करायचा. "माझंच बोट चुकतं रे," तो म्हणाला.

दार

प्रशिक्षण एका संस्थेत होतं. संस्थेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, दार सांगतो. दार काचेचं, दोन्ही बाजूंनी सारखं, आणि वर कागद चिकटवलेला: 'दार ओढावे. ढकलल्यास उघडत नाही, हे आपण आताच पाहिले असेल.' मी खरोखरच आताच पाहिलं होतं. आत पहिला धडा दारांचा निघाला. केतकी मॅडम अमेरिकेत शिकून आलेल्या. त्यांनी सांगितलं, की ज्या दाराला 'ओढा' असं लिहावं लागतं, ते दार चुकीचं बनवलेलं असतं. आम्ही तीस जणांनी ते वहीत उतरवलं आणि चहाच्या सुट्टीनंतर आत येताना तेच दार पुन्हा ढकललं.

नावनोंदणीच्या कागदावर जन्मतारीख होती. माझ्या शेजारी शलाका नावाची हिंजवडीतली मुलगी बसली होती. तिनं माझा कागद पाहिला, पुढच्या रांगेतल्या नांदेडच्या आणि बीडच्या गृहस्थांचेही पाहिले. "ओ माय गॉड सर, तुम्ही तिघंही फर्स्ट जून? व्हॉट अ कोइन्सिडन्स!"

मी हसून हसून बेजार झालो. तिला समजावलं, की आमच्या गावात अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. शाळेत नाव घालताना आई सांगायची, 'मोठा पूर आला त्या साली झाला,' आणि गुरुजी एक जून टाकून मोकळे. माझी खरी तारीख आईलाही ठाऊक नाही. शलाकानं डोळे मोठे केले. "म्हणजे हा डेटाच फेक आहे?" मी म्हटलं, डेटा पक्का आहे, माणूस तेवढा अंदाजे आहे. सगळे हसले. स्वतःच्या विनोदावर मी इतका खूश होतो, की त्यापुढे काही विचार करायचं मला सुचलं नाही.

"यूजर कधीच चुकत नाही," केतकी मॅडमनी बजावलं. "चुकतो तो डिझायनर. हे वाक्य भिंतीवर लावा." आणि भिंतीवर चित्र दाखवायला त्यांनी प्रोजेक्टरचं बटण दाबलं. भिंत निळी झाली. दुसरं दाबलं, भिंत आणखी निळी झाली. "सॉरी हं, माझंच काहीतरी चुकतंय," मॅडम म्हणाल्या. तीस जणांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

जेवणात भात मुदीनं मोजून, चटणी चिमटीनं आणि 'अजून हवंय का?' हा प्रश्न 'नको' हे उत्तर गृहीत धरून. आमच्याकडे पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला तरी बोटांमधून वाढतात. मी दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा वाढणाऱ्या काकूंनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाहेरगावचे का?"

कसबा पेठ

दुसऱ्या दिवशी गट पडले. आमच्या गटाला काम मिळालं, 'बसची माहिती सांगणारं यंत्र.' विश्रांतवाडीच्या तीन चुकीच्या बसमधून फिरलेला माणूस म्हणून मला उत्साह आला. पण यंत्र बनवायचंच नव्हतं. शलाकानं सांगितलं, "बेसिकली सर, आपण स्क्रीन्स कागदावर काढायच्या. लोक बोटानं बटण दाबल्यासारखं करणार, आणि एक जण कॉम्प्युटर होऊन पुढचा कागद समोर ठेवणार." माझं अक्षर बरं आणि इंग्रजी बेताचं, म्हणून कॉम्प्युटर मी झालो. कॉम्प्युटरचे नियम कडक होते. बोलायचं नाही, हसायचं नाही, मदत करायची नाही, डोळ्यांनी खुणावायचंसुद्धा नाही. वऱ्हाडी माणसाला यापेक्षा चादरींची खोली बरी.

कागद मी हौसेनं लिहिले. विशेषतः एक, लाल शाईत, चौकट आखून: 'अवैध निवड. पुन्हा प्रयत्न करा.' हे वाक्य माझ्या केसपेपरच्या प्रोग्रॅममधलंच होतं, तिथं फक्त 'निवड' ऐवजी 'नोंद'. शलाकाला म्हटलं, भाषा कशी खणखणीत आहे बघा.

बुधवारी सकाळी कसबा पेठेत एका बोळाच्या तोंडाशी घडीचं टेबल मांडलं. तांबटांच्या हातोड्या आतून ठणठणत होत्या आणि आमच्या टेबलामुळे सायकली अडत होत्या. पहिले यूजर म्हणून एक निवृत्त काका सापडले. पांढरा सदरा, हातात दुधाची पिशवी, आणि आम्ही आधीच गुन्हेगार आहोत अशी नजर.

शलाका म्हणाली, "काका, समजा तुम्हाला विश्रांतवाडीला जायचंय."

"मला नाही जायचं."

"नाही, पण समजा."

"का समजू? माझं तिकडे कोणी नाही."

"बरं काका, तुम्हाला कुठे जायचंय?"

"घरी. ते समोर दिसतंय. त्याला बस लागत नाही." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हे कोण?"

"हे कॉम्प्युटर आहेत."

काकांनी मला नीट न्याहाळलं. "काय हो, चालता का?"

मी नियमाप्रमाणे गप्प. "बोलत नाहीत ते," शलाका म्हणाली.

"वा. सरकारी दिसतात." तरीही काकांनी सगळे कागद वाचले. बटणं दाबली नाहीत, तांबड्या पेनानं दोन ठिकाणी शुद्धलेखन तेवढं सुधारलं आणि 'गंतव्य स्थान' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढलं. "हा शब्द कुणी लिहिला? घरी बोलता का असं? बायकोला विचारता, आज तुझं गंतव्य स्थान कुठलं?" दुधाची पिशवी उचलून ते गेले. शलाकानं वहीत नोंद केली: 'यूजर रेझिस्टंट टू चेंज.' मला ती नोंद तेव्हा पटली, कारण आमच्याकडे बाईंबद्दल मी हेच म्हणत आलो होतो, फक्त मराठीत.

मंडई

गुरुवारी टेबल मंडईजवळ लागलं. मेथी, पालक आणि ओल्या नारळाचा वास, आणि त्यात आम्ही कागदी संगणक घेऊन. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक मावशी पाटी रिकामी करून आल्या. त्यांचं गाव आता शहरात आलं होतं, म्हणजे गाव तिथंच होतं, शहर अंगावर आलं होतं. शेतात इमारती उभ्या राहिल्या, तरी त्या दुसऱ्यांचा माल आणून विकत होत्या. "हात रिकामा ऱ्हात न्हाय," म्हणाल्या.

शलाकानं विचारलं, "मावशी, समजा विश्रांतवाडीला जायचंय."

"समजा कशाला? जायाचंच हाय. लेक दिलीया तिकडं, बाळंतीण झालीया, तिला बगाया जायाचं." मी खुर्चीत सावरून बसलो. खरी गिऱ्हाईक मिळाली होती.

पहिला कागद ठेवला. त्यावर तीन बटणं: मार्ग क्रमांक, गंतव्य स्थान, माहिती. मावशींना माहितीच हवी होती, म्हणून त्यांनी 'माहिती' दाबलं. मी पुढचा कागद ठेवला, 'या यंत्राविषयी माहिती', बारीक अक्षरात बारा ओळी. त्यांनी त्या बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. दोन ओळींनंतर बोट थांबलं. कागदाच्या डोक्यावर मी शोभेसाठी बसचं चित्र काढलं होतं, ते त्यांनी दाबलं. चित्र बटण नव्हतं. मी लाल कागद ठेवला. 'अवैध निवड. पुन्हा प्रयत्न करा.'

त्यांनी पुन्हा चित्र दाबलं, जरा जोरात. मी लाल कागद उचलून पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहून, विचारल्यासारखं, कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मी तिसऱ्यांदा लाल कागद ठेवला. मावशींनी बोट मागं घेतलं, हात पदरात घातला आणि म्हणाल्या, "माजंच चुकतंय बगा. आमी अडाणी मान्सं."

सकाळपासून भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकांना पुरून उरलेली ती बाई चार कागदांपुढे अशी लहान झाली. त्या कागदांतला लालही माझ्याच हातचा होता. मला फार वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. नियम मोडून मी बोललो, "मावशी, तुमचं नाही चुकत."

त्या दचकल्या. "आत्ता! ह्यो बोलतो व्हय?" मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "मंग आदी का गप बसला हुता?"

"सर, कॉम्प्युटर बोलत नाही," शलाका हळूच म्हणाली.

कॉम्प्युटर बोलला. विश्रांतवाडीची बस कुठल्या थांब्यावर येते, हे चार दिवसांच्या वनवासानं मला पाठ झालं होतं. एका वाक्यात सांगितलं. मावशींनी पाटी डोक्यावर घेतली, जाताना कोथिंबिरीची एक जुडी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "असलंच मशीन ठिवा की मंग."

संध्याकाळी सुहासकडे ती कोथिंबीर आमटीत पडली. मी बॅगेतून घडीचा कागद काढून वाचला. 'क्षमता नाही' हे शब्द मला पहिल्यासारखे खणखणीत वाटले नाहीत. पण मन अजून मानत नव्हतं. मावशींना यंत्र नवीन होतं, बाईंना तर मी तीनदा शिकवलं होतं. कागद फाडला नाही, सहीही केली नाही, पुन्हा घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र देताना केतकी मॅडमना विचारलं, की शिकवूनही जमत नसेल तर काय करायचं. त्या म्हणाल्या, "एक तास त्यांच्या मागे बसा. शिकवू नका, टोकू नका. जस्ट बघा." एवढं सांगून बाहेर पडताना त्यांनी दार आधी ओढलं आणि मग ढकललं.

खिडकी

सोमवारी नऊ वाजता मी बाईंच्या मागे स्टूल टाकलं. डॉक्टरसाहेबांना मत दुपारपर्यंत हवं होतं. बाईंनी एकदा मागे पाहिलं, पदर सारखा केला आणि काम सुरू केलं. रांग कडुलिंबापर्यंत गेलेली होती.

पहिली एक म्हातारी होती. बाईंनी नाव, गाव भराभर टाकलं. बोटं माझ्यापेक्षा जलद चालत होती, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मग पडद्यावर जन्मतारखेची चौकट आली.

"आजी, वय किती?"

"असन साठ-पासष्ट."

बाईंनी कळफलक उचलला. खाली एक पुठ्ठा होता, आणि त्यावर बाईंच्या त्या जुन्या सुरेख अक्षरात एक ते शंभर वयं आणि प्रत्येकासमोर जन्माचं साल. त्यांनी त्रेसष्टवर बोट ठेवलं, साल पाहिलं आणि चौकटीत एक जून टाकून ते साल लिहिलं. माझ्या प्रोग्रॅमनं त्या तारखेवरून वय काढलं आणि केसपेपरवर छापलं: वय त्रेसष्ट.

मी पुढचा माणूस पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. वय विचारायचं, त्याची तारीख बनवायची, आणि त्या तारखेचं माझा प्रोग्रॅम पुन्हा वय बनवणार. प्रत्येकाला हाच वळसा. पाचव्या माणसाला बाईंनी घाईत '०६' ऐवजी नुसता '६' टाकला. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'अवैध नोंद. पुन्हा प्रयत्न करा,' आणि नाव, गाव, सगळं पुसून गेलं. बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. रांगेतला एक जण ओरडला, "बाई, शिका जरा कॉम्प्युटर." बाई खाली मान घालून बटणं दाबत राहिल्या.

मी तीनदा शिकवलं होतं ते कसं, हे तेव्हा आठवलं. प्रत्येक वेळी नमुना म्हणून माझंच नाव आणि माझीच जन्मतारीख टाकून दाखवली होती. शून्य एक, शून्य सहा. गुरुजींनी दिलेली, खोटी, पण मला पाठ. ती एकदाही अडली नव्हती.

तासाभरानं बाईंनी खुर्ची वळवली. चेहरा उतरलेला होता. "सर, आज तुमी काईच बोलून नाई राह्यले. माह्यं लई चुकून राह्यलं का?"

"नाही बाई. माझं चुकलंय."

त्यांना ते समजलं असं वाटलं नाही. लोक खिडकीवर टकटक करत होते, त्या परत वळल्या. मी डॉक्टरसाहेबांकडे गेलो, त्यांच्यासमोर कागद फाडला आणि मंगळवारी सकाळपर्यंत मुदत मागितली. "मग मत काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिकायचं राहिलंय ते माझं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मुदत दिली.

दुपारीच बसून मी ती जन्मतारखेची चौकट काढून टाकली आणि तिथं 'वय (अंदाजे)' असं लिहिलं. चुकलं तर चुकलं तेवढंच पुसावं, बाकी राहावं, हेही केलं. लाल अक्षरं काढली. मंगळवारी पावणेअकराला शेवटचा माणूस केसपेपर घेऊन गेला आणि कडुलिंबाखाली फक्त सायकली राहिल्या. डॉक्टरसाहेब येऊन खिडकीपाशी उभे राहिले, रिकामी रांग पाहिली आणि चादरींच्या खोलीचं नाव न काढता निघून गेले.

बाईंनी कळफलकाखालचा पुठ्ठा काढला, दुमडला आणि पर्समध्ये ठेवला. "किती दिवस लागले होते हे लिहायला?" मी विचारलं.

"दोन रविवार." मग त्यांनी नव्या चौकटीकडे पाहिलं. "सर, हे कुठं शिकले तुमी?"

"पुण्याला. पाच दिवस होतो."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "एवढ्यासाठी पुण्यापोतर गेलते? मी तं अठीच बसून होती."